झोळीवरचा डोळा

कॅमेरा कुठं लावायचा हे ठरवायला सोनमनं जेवढा वेळ घेतला, तेवढा तिच्या लग्नाची तारीख ठरवायला दोन्ही घरांनी मिळूनही घेतला नव्हता. आधी तो दारावर लागला, पण तिथून शंभूची नुसती पाठ दिसायची. मग खिडकीवर लावला, तर दुपारी ऊन थेट त्याच्या तोंडावर यायचं आणि सगळं पांढरं व्हायचं. शेवटी तो सोप्यातल्या तुळईला, बरोबर झोळीच्या समोर बसला. झोळी, तिच्याखाली अंथरलेली वाकळ आणि भिंतीकडेची पाण्याची कळशी एवढं सगळं चौकटीत मावतंय याची खात्री झाल्यावरच सोनम स्टुलावरून उतरली.

तिच्या सासूबाई रंगुबाई हा सगळा खटाटोप हाताची घडी घालून बघत होत्या. कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला तसा त्यांनी पदर डोक्यावर घेतला. त्या दिवसापासून त्या तुळईखालून जाताना, सोप्यात पाहुणा बसलाय अशा बेतानं पदर सावरूनच जायला लागल्या.

"ह्यो बोलतो बी म्हनं," त्या म्हणाल्या.

सोनम फोन घेऊन अंगणात गेली आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "आत्याबाई, येतंय का ऐकू?"

"येतंय की," रंगुबाई आतून म्हणाल्या. "पर तू दारातच हाईस न्हवं. आसंबी आलं आस्तं."

घर कवठे महांकाळच्या बाहेरच्या एका वाडीत होतं. सासरे अर्जुना दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे गेले होते, ते आता पावसाच्या तोंडालाच परतणार. ज्यांना चालवणार नाही अशा म्हाताऱ्या मेंढ्या, गाभण राहिलेल्या दोन-चार आणि नुकतीच झालेली कोकरं रंगुबाईंच्या हवाली होती. घरामागं जाळीची वाघर लावून त्यांनी ती कोंडली होती. सोनमचा नवरा दिग्विजय महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा, आणि हे दिवस तिकडे पाहुण्यांचे आणि स्ट्रॉबेरीचे. त्यामुळे घरात खरी माणसं तीनच: सोनम, रंगुबाई आणि पुढं रांगायचं की मागं हे अजून नक्की न ठरलेले शंभूराज.

सोनम बी.एस्सी. होती आणि तिला नोकरी लागली होती. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याची प्रतवारी व्हायची, तिथं सरकत्या पट्ट्यावर देखरेख. हिरवा बेदाणा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट पडलेला तिसरीकडे, आणि कुठं काडी राहिली असेल तर ती दिसायलाच पाहिजे. तिथले मुकादम अमृतदादा पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते की या पोरीच्या नजरेतून दाणा सुटत नाही. ते खरंच होतं. सोनमच्या नजरेतून काहीच सुटायचं नाही. तीच तर तिची अडचण होती.

नोकरीवर जायच्या आधी तिनं दिग्विजयला बजावून ठेवलं होतं. शंभूकडे नीट बघणं होत नाही असं एकदा जरी दिसलं, तर त्याला उचलून मिरजेला माझ्या आईकडे ठेवायचं, मग मला रविवारचाच भेटला तरी चालेल. हे बोलणं फोनवर झालं होतं, पण घराला दोनच खोल्या. रंगुबाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झोळीची जुनी दोरी काढून त्यांनी नवी, जाड लावली, आणि दोन्ही हातांनी लोंबकळून ती तुटत नाही हे सोनमला दिसेल असं बघून घेतलं.

सुरुवातीचे दिवस रंगुबाईंनी फोटोत बसावं तसे काढले. शंभू चौकटीबाहेर रांगला की फोन. टोपी निघाली की फोन. वाकळेवर मुंगी दिसली की तुळईवरून आवाज, "आत्याबाई, डावीकडं, अजून थोडं डावीकडं." मेंढ्यांना पाला टाकायला त्या उठल्या की परत येईतो सोनमचे दोन फोन येऊन गेलेले असायचे. मागं वाघरीत मेंढ्या ओरडत राहायच्या, आणि रंगुबाई नातवाला मांडीवर घेऊन तुळईकडं बघत बसायच्या.

एकदा मात्र त्या डोळ्यानं मोठंच नाव काढलं. रंगुबाई पाणी आणायला गेल्या होत्या, शंभू झोळीत झोपला होता, आणि गल्लीतलं एक भटकं कुत्रं नाक खाली घालून सरळ सोप्यात शिरलं. सोनमनं ते पट्ट्यावर उभ्या उभ्या पाहिलं आणि फोनमध्ये जे "हुडऽऽ" केलं, त्यानं इकडे बेदाणा निवडणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले आणि तिकडे कुत्र्यानं कळशी पालथी घालून जी धूम ठोकली ते ओढ्यापलीकडे जाऊनच थांबलं. रंगुबाईंनी ही हकिकत वाडीभर सांगितली. शेजारच्या साळूबाई मुद्दाम बघायला आल्या. राखण करणारा, वर ओरडणारा, आणि भाकरी न मागणारा असा गडी त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

आणि मग कंपनीचा मेसेज आला.

"प्रिय ग्राहक," असं गोड सुरू होऊन तो मेसेज सांगत होता की तुमच्या पॅकमध्ये व्हिडिओ यापुढं साध्या दर्जात दिसेल, बाकी सर्व सेवा पूर्वीच्याच वेगानं मिळतील, सहकार्याबद्दल आभार. सोनमनं सहकार्य कधी केलं होतं ते तिला आठवेना. दुपारच्या सुट्टीत तिनं कॅमेरा उघडला, तर शंभूच्या जागी कणकेचा गोळा होता. गोळ्याला वरच्या अंगाला काळपट डाग होता, ते बहुधा जावळ. शेजारी हिरवा ढग होता, त्या रंगुबाई.

तिनं कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगी आली आणि मॅडम, मॅडम करत तिनं समजावलं की व्हिडिओ बंद केलेला नाही, फक्त मर्यादित केलाय. लोक दिवसभर सिनेमे बघतात, त्यामुळं टॉवरवर ताण येतो.

"मी सिनेमा नाही बघत," सोनम म्हणाली. "मी माझं मूल बघते."

"हो मॅडम. पण सिस्टमला तो व्हिडिओच वाटतो."

मोठा पॅक घेते म्हटलं, तर चालू पॅक संपल्याशिवाय दुसरा लागू होत नाही असं उत्तर मिळालं. आणि चालू पॅक तर दिग्विजयनं पाडव्याची ओवाळणी म्हणून अख्ख्या वर्षाचा टाकून दिला होता. घरातला कॅमेरा साळूबाईंच्या मुलाच्या ब्रॉडबँडवर ठणठणीत चालत होता. तो बघायचं सगळं स्वच्छ बघत होता आणि स्वच्छच पाठवत होता. ते सोनमच्या फोनच्या दारात येऊन पिठाचं होत होतं.

दिग्विजयला तिनं हे रडकुंडीला येऊन सांगितलं. तो हसला. "इथं घाटात सकाळी मला माझ्याच गाडीचं नाक दिसत नाही," तो म्हणाला, "तरी पाहुणे पोचवतोच की. तू पण थोडे दिवस धुक्यात चालव."

पुढचे दोन दिवस सोनमनं गोळ्याकडं डोळे ताणून बघण्यात काढले. मग एक नवलच घडलं. शंभू शहाणा झाला.

दुपारी कधीही बघावं, तर गोळा झोळीत. शालीत गुंडाळलेला, गप्प. चौकटीबाहेर रांगणं नाही, टोपी फेकणं नाही. हिरवा ढग मधूनच येऊन झोळीला हात लावून जायचा आणि गोळा पुन्हा निवांत. ओरडण्याचा आवाज यायचा तो मेंढरांचा, आणि तो तर त्या घरात भिंतींइतकाच जुना. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात तो ऐकू येणं बंद झालं होतं. सोनमला वाटलं, आपण नसल्याची सवय झाली पोराला. जरा वाईटही वाटलं. मग तिनं एक दिवस सुट्टीत कोपऱ्यात जाऊन फोनमध्ये हळू आवाजात अंगाई म्हटली. आणि खरंच, गोळ्यानं डोकं वर केलं. आवाजाच्या दिशेनं, वर, तुळईकडं बघितलं, आणि ओळ संपल्यावर पुन्हा शालीत शिरलं.

सोनमचे डोळे भरून आले. तेव्हापासून रोज दुपारी अंगाई ठरलेली.

पट्ट्यावर तिच्या शेजारी राणी असायची. वयानं थोडी मोठी, तोंडानं पुष्कळ मोठी. सोनम तिला फोन दाखवून म्हणायची, बघ किती शहाण्यासारखा झोपतोय. राणी मान तिरकी करून बघायची. "लय शिस्तीचं हाय बाई तुझं पोरगं," ती म्हणायची. "आमची ह्या वयात घर डोक्यावर घेत हुती. काय घालतीस काय त्याला?" सोनम मग नाचणीचं सत्त्व, मुगाचं पाणी असं मोजून सांगायची. रंगुबाईंना येणारे फोन कमी झाले, मग बंदच झाले. अमृतदादाही खूश, कारण पट्ट्यावरून पुन्हा एकही काळा दाणा सुटेना.

एकच गोष्ट तिला खटकायची. संध्याकाळी घरी आल्यावर शंभूच्या शालीला लोकरीचा उग्र वास यायचा. तिनं तो रंगुबाईंच्या घोंगड्याच्या नावावर टाकला आणि शाल रोज धुवायला लागली. रंगुबाई तिला शाल पिळताना बघायच्या आणि कौतुकानं मान हलवायच्या. हे कौतुक कशाचं, ते सोनमला कळायचं नाही.

राणीकडं दुसऱ्या कंपनीचा फोन होता, पण तिचा दिवसाचा डेटा मालिकेचा चुकलेला भाग बघण्यात दुपारच्या आतच संपायचा. एका शनिवारी तिची मालिका लागलीच नव्हती. डेटा शिल्लक पडला म्हणून राणीचं मन मोठं झालं. "आण तो फोन," ती म्हणाली. "माझ्या हॉटस्पॉटवर लाव. रोज तू पीठ दाखवतीस, आज पोराचं तोंड तरी बघू दे."

दोघी गोण्यांच्या आडोशाला उभ्या राहिल्या. चित्र आधी नेहमीसारखं पिठाळ आलं, मग चाळणीतून चाळावं तसं कडेकडेनं स्वच्छ होत गेलं. वाकळेवरचे टाके दिसले. कळशीवरचा पोचा दिसला. झोळी दिसली, शाल दिसली. शालीतून दोन लांब, लोंबते कान बाहेर आले होते.

राणीनं फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"सोनम," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या घरच्या कुणावर गेलंय म्हणायचं हे?"

त्याच वेळी त्या काळतोंड्यानं सवयीनं तुळईकडं बघितलं. अंगाईची वेळ झाली होती.

सोनमनं रंगुबाईंना फोन लावला. रिंग झोळीखालीच, वाकळेच्या घडीत दबकी वाजली. कोकरू दचकून झोळीत उभं राहिलं, चारी पाय कापडात अडकले, आणि ते तसंच तिच्याकडं बघत राहिलं. रिंग वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हिरवा ढग नाही, शंभू नाही, सोप्यात दुसरं कुणीच नाही.

अमृतदादांना तिनं काय सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही. त्यांनी फक्त मान डोलावली एवढं आठवलं. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि आज तर ती दिवसभर भरणार नाही असं वाटत होतं. एक बाई कोंबडी घेऊन आली. एक माणूस पाइपचं भेंडोळं घेऊन आला आणि ते आत की टपावर यावर ड्रायव्हरशी वाद घालत बसला. सोनम मनातल्या मनात मिरजेची बॅग भरत होती. स्वेटर, औषधाची बाटली, लाल टोपी, खुळखुळा. शाल नाही. शाल तिथंच राहू दे, ज्याची आहे त्याला. इतके दिवस आपल्याला फसवलं. पोराच्या झोळीत जनावर घालून सासू कुठल्या गावाला जात होती कुणास ठाऊक, आणि आपण बी.एस्सी. झालेल्या बाईनं त्या जनावराला गाणी म्हटली.

वाडीच्या फाट्यापासून ती जवळजवळ पळतच आली. सोप्यात कोकरू पुन्हा निजलं होतं. ती घरामागं वळली आणि थांबली.

रंगुबाई वाघरीत बसून बाभळीच्या शेंगा निवडत होत्या. त्यांच्यापासून हातभरावर एक म्हातारी, पोक्त मेंढी डोळे मिटून रवंथ करत उभी होती. तिच्या बरगडीवरची लोकर दोन्ही मुठींत धरून, तोंडाला माती, टोपीला काट्या, अशा थाटात शंभूराज उभे होते. स्वतःच्या पायांवर. मेंढी अर्धं पाऊल सरकली की तेही अर्धं पाऊल सरकत होते.

"आलीस व्हय लौकर?" रंगुबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर चोरी सापडल्याची खूण शोधून सापडेना. "बरं झालं. बग तरी."

सोनमनं सोप्याकडं बोट केलं. "झोळीत कोकरू आहे," ती म्हणाली.

"हाय की. त्याची आय मेली न्हवं, बाळंतपनात. गार वाऱ्यात बाहीर ठिवलं आस्तं तर गेलंच आस्तं, आनि कुत्री टपल्यात. मग म्हनलं, तुजा ह्यो डोळा बसल्याला हायच, वरडतो बी. ज्येला राखन पायजे त्येला तितं घाला. शंभूला म्या हाय की राखायला."

"आणि मला सांगायचं नाही?"

रंगुबाईंनी शेंगांवरचा हात थांबवला. "तुला काय सांगायचं? तू रोज बगत हुतीस. आगं, तूच दुपारी त्येला अंगाई म्हनायचीस. मला हितं ऐकू यायची. साळूबाईला म्या सांगिटलं बी, सून शिकल्याली हाय, पर बिन आयच्या कोकराला काय जीव लावलाय. रोज त्येची शाल धुती."

मेंढी रवंथ करत राहिली. सोनम वाघरीच्या खुंटाला धरून उभी होती. खरं सांगण्यावाचून आता काही उरलं नव्हतं.

"मला वाटत होतं, तो शंभू आहे."

रंगुबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग घराकडं. मग मेंढीला धरून उभ्या असलेल्या नातवाकडं, वरपासून खालपर्यंत, नीट.

"ह्येला कान तरी तसलं हाईत का गं?" त्या म्हणाल्या.

सोनमनं कंपनीचं सांगितलं, मेसेजचं सांगितलं, पॅकचं, पिठाच्या गोळ्याचं, हिरव्या ढगाचं. रंगुबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुठली कंपनी एवढ्या लांबून पोरगं पुसट करून ठेवते, आणि त्यात तिला काय मिळतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. पण फोन का बंद झाले ते मात्र आलं. सुनेचा विश्वास बसला, म्हणून फोन थांबले, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी पदरानं हात पुसले आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"मग आता मिरज," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. आणि शंभूच्या टोपीतल्या काट्या एकेक करून काढायला लागल्या. त्याला तयार करायचं तर असं कसं पाठवायचं, अशा बेतानं.

सोनमला जीपमध्ये पाठ केलेलं सगळं आठवलं. बोलायला तोंडही उघडलं. पण मधेच शंभूनं एक हात सोडला. मेंढीची लोकर एकाच मुठीत, दुसरा हात हवेत, आईच्या दिशेनं. तो तसा, डुलत, एक क्षणभर उभा राहिला आणि मग धप्पकन खाली बसला. रडला नाही. पुन्हा लोकर धरायला लागला.

"कधीपासून उभा राहतोय?" सोनमचा आवाज बारीक झाला होता.

रंगुबाई गडबडल्या. आता मात्र चोरी सापडल्याची खूण त्यांच्या तोंडावर आली. "झालं थोडं दिस. म्या कुनाला बोलले न्हाई. म्हनलं, तुज्या म्होरं उबा ऱ्हाऊ दे, मग त्योच पयला धरायचा. रोज सांजच्याला वाट बगायची म्या. पर घरात काय उबा ऱ्हाईना." त्या जरा थांबल्या. "घरात धरायला मेंढी कुटं हाय त्येला?"

सोनम वाघर उचलून आत आली आणि चांगल्या कपड्यांनिशी लेंड्यांच्या मातीत बसली. बसता बसता तिला हसू आलं ते आवरेना, आणि हसताना रडूही आलं तेही आवरेना. रंगुबाईंना आधी कळेना हसावं की पाणी आणावं. मग त्यांनाही ते कान आठवले असावेत. साळूबाई कुंपणापाशी येऊन विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. कुणी सांगायच्या मनःस्थितीत नव्हतं. मेंढी तेवढी कंटाळून पलीकडे गेली.

मिरजेची बॅग भरली गेली नाही. त्याऐवजी सोनमनं आपली एक जुनी सुती साडी फाडून झोळीशेजारी कोकरासाठी दुसरी झोळी बांधली, कारण शंभूच्या शालीत जनावर चालणार नाही यावर ती ठाम होती, आणि शाल त्या रात्रीपुरती दोनदा धुतली. कॅमेरा तिनं स्वतःच स्टुलावर चढून थोडा उजवीकडं, नव्या झोळीकडं वळवला.

दिग्विजयला हे कळलं तेव्हा तो घाटात गाडी बाजूला घेऊन हसला म्हणे. त्यानं मागं बसलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं. पट्ट्यावरच्या बायकांना राणीनं सांगितलंच होतं. अमृतदादा आता काळपट दाणा निघाला की तो चिमटीत धरून सोनमला विचारतात, "बघ गं, बेदाणाच आहे ना हा? नीट बघून सांग." सोनम नीट बघून सांगते.

मध्यंतरी कंपनीचा पुन्हा मेसेज आला, की खास तुमच्यासाठी, स्पष्ट व्हिडिओची सवलत, फक्त होय दाबा. तिनं तो थोडा वेळ बघितला आणि फोन पालथा ठेवून पट्ट्याकडं वळली.

दुपारी मात्र ती गोण्यांच्या आडोशाला जाते. पिठाचा गोळा आता चांगलाच मोठा झालाय, झोळीत मावत नाही. ती अंगाईची एक ओळ म्हणते. गोळा मान वर करतो. मग तुळईवरचा तो आवाज मागच्या वाघरीत ऐकू जावा म्हणून ती जरा मोठ्यानं दुसरी ओळ म्हणते, आणि फोन बंद करून कामाला लागते.